ॲलन पेज : क्वार्टरबॅकच्या मागे धावणारा न्यायमूर्ती

(या भागाचं हे शब्दांकन. बोलण्याच्या ओघात आलेली पुनरावृत्ती काढली आहे, बाकी जसंच्या तसं.)

आज अशा खेळाबद्दल बोलायचंय जो आपल्यापैकी बऱ्याच जणांनी फक्त हॉलिवूडच्या सिनेमात बघितलाय. हेल्मेट घातलेली धिप्पाड माणसं एकमेकांवर धडकतात, लंबगोल चेंडू असतो, आणि दर दहा सेकंदांनी खेळ थांबतो. अमेरिकन फुटबॉल. नियम सगळे समजून घ्यायची गरज नाही, आजच्या गोष्टीपुरतं थोडंसं सांगतो.

दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू. ज्यांच्याकडे चेंडू आहे त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं. त्यांचा सूत्रधार म्हणजे क्वार्टरबॅक. तो चेंडू हातात घेतो आणि फेकतो किंवा दुसऱ्याला देतो. समोरच्या संघाचं काम त्याला अडवायचं. या अडवणाऱ्यांच्या पहिल्या रांगेत, अगदी मधोमध जो उभा असतो तो डिफेन्सिव्ह टॅकल. आपल्या कबड्डीत कसं, चढाई करणाऱ्याचं नाव होतं, पोस्टरवर तोच असतो. पकड करणारा मात्र सामना जिंकून देऊनही कोपऱ्यातच राहतो. तसंच इथे आहे.

म्हणूनच १९७१ साली जे घडलं ते विशेष. त्या वर्षी असोसिएटेड प्रेसने एनएफएलचा, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगचा, सर्वोत्तम खेळाडू म्हणून एका डिफेन्सिव्ह टॅकलची निवड केली. बचाव करणाऱ्या खेळाडूला हा मान पहिल्यांदाच मिळाला. त्यानंतर १९८६ साली लॉरेन्स टेलरला मिळाला, आणि बस. पन्नासहून जास्त वर्षांत दोघंच. त्यातला पहिला म्हणजे ॲलन पेज.

पण मी हा भाग त्या पुरस्कारासाठी करत नाहीये. हाच माणूस पुढे २२ वर्षं एका राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती होता. या दोन गोष्टींच्या मधलं जे आहे, ते आजचा विषय.

कँटन, ओहायो

पेजचा जन्म ७ ऑगस्ट १९४५ चा, ओहायो राज्यातल्या कँटन गावचा. पोलाद कारखान्यांचं गाव. कृष्णवर्णीय मुलगा शाळेतून बाहेर पडला की गिरणीत लागणार, हे जवळपास ठरलेलं. वडील बार चालवायचे. आई एका क्लबमध्ये कामाला होती. पेज तेरा वर्षांचा असताना ती गेली.

१९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ब्राउन खटल्याचा निकाल दिला. गोऱ्या आणि काळ्या मुलांसाठी वेगळ्या शाळा ठेवणं घटनाबाह्य आहे, असा तो निकाल. पेज तेव्हा अजून नऊ वर्षांचाही नव्हता. न्यायालयातले काही लोक कागदावर काहीतरी लिहितात आणि त्याने आपल्यासारख्यांचं आयुष्य बदलू शकतं, ही गोष्ट त्याच्या मनात तेव्हापासून राहिली. शिवाय टीव्हीवर पेरी मेसन नावाच्या वकिलाची मालिका लागायची. तीही तो आवडीने बघायचा. म्हणजे वकील व्हायचं स्वप्न फुटबॉलच्याही आधीचं.

एक योगायोग सांगतो. प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेम, म्हणजे या खेळातल्या दिग्गजांचं स्मारक-संग्रहालय, ते याच कँटनमध्ये १९६३ साली उघडलं. शाळकरी पेजने त्या इमारतीच्या बांधकामावर काम केलं होतं. पंचवीस वर्षांनी, १९८८ साली, त्याच इमारतीत त्याचा पुतळा बसला.

जांभळी भिंत

शाळेनंतर तो नोटर डेम विद्यापीठात गेला. १९६६ चा त्यांचा संघ राष्ट्रीय विजेता ठरला. पेजने राज्यशास्त्रात पदवी घेतली आणि १९६७ च्या ड्राफ्टमध्ये मिनेसोटा व्हायकिंग्ज संघाने त्याला पहिल्या फेरीत, पंधराव्या क्रमांकावर उचललं.

व्हायकिंग्जचा रंग जांभळा. पेज, कार्ल एलर, जिम मार्शल आणि गॅरी लार्सन या चौघांच्या पुढच्या रांगेला लोकांनी नाव दिलं ‘पर्पल पीपल ईटर्स’, म्हणजे माणसं खाणारे जांभळे राक्षस. १९६९ च्या हंगामात १४ सामन्यांत मिळून त्यांच्या संघाने फक्त १३३ गुण दिले. सामन्याला दहासुद्धा नाहीत! आणि हे सगळं मिनेसोटाच्या थंडीत, उघड्या मैदानावर. प्रशिक्षक बड ग्रांट इतके कडक, की खेळाडूंच्या बाकापाशी हीटरसुद्धा ठेवू द्यायचे नाहीत.

पेज त्याच्या जागेच्या मानाने हलका होता. पण चेंडू हलला की पहिला हलणारा तोच. समोरचा ११०-१२० किलोचा माणूस नीट उभा राहायच्या आत हा त्याच्या बाजूने निघून क्वार्टरबॅकपर्यंत पोहोचलेला असायचा. ताकदीपेक्षा त्या पहिल्या पावलाची कमाल.

आता एक गंमत. क्वार्टरबॅकला चेंडूसकट पाडणं याला ‘सॅक’ म्हणतात. बचावपटूच्या कामाचं हे सगळ्यात मोठं माप. पण एनएफएलने वैयक्तिक सॅक अधिकृतपणे मोजायला सुरुवात केली १९८२ पासून, आणि पेज निवृत्त झाला १९८१ ला. त्यामुळे अधिकृत नोंदीत त्याच्या नावावर सॅक शून्य! नंतर अभ्यासकांनी जुने सामने आणि कागद तपासून मोजले तर १४० च्या वर भरले. आमच्या क्षेत्रात म्हणतात तसं, जे लॉग होत नाही ते डॅशबोर्डवर दिसत नाही. काम मात्र झालेलं असतंच.

या संघाला एकच गोष्ट जमली नाही. चार वेळा सुपर बोलमध्ये, म्हणजे अंतिम सामन्यात, पोहोचले आणि चारही हरले. कॅन्सस सिटी, मायामी, पिट्सबर्ग, ओकलंड. पेज चारही सामन्यांत होता.

‘नो फ्रीडम, नो फुटबॉल’

तेव्हाच्या खेळाडूचा करार संपला तरी तो खऱ्या अर्थाने मोकळा नसायचा. दुसऱ्या संघाने त्याला घेतलं, तर त्या संघाने जुन्या संघाला भरपाई द्यायची. किती, कोणता खेळाडू द्यायचा, हे दोघांचं जमलं नाही तर लीगचे आयुक्त पीट रोझेल ठरवणार. याला ‘रोझेल रूल’ म्हणायचे. भरपाई काय पडेल हे आधी माहीतच नाही, मग कोण कशाला घेईल? म्हणजे कागदावर नोकरी बदलायला परवानगी, प्रत्यक्षात दरवाजा बंद.

पेज खेळाडूंच्या युनियनमध्ये संघाचा प्रतिनिधी होता, पुढे युनियनच्या कार्यकारी समितीतही गेला. १९७४ च्या उन्हाळ्यात खेळाडूंनी संप केला. घोषणा होती, ‘नो फ्रीडम, नो फुटबॉल’. म्हणजे स्वातंत्र्य नाही तर खेळही नाही. संप फसला, खेळाडू हळूहळू परत गेले. पण दुसरी लढाई कोर्टात चालू होती. युनियनचे माजी अध्यक्ष जॉन मॅकी आणि इतर खेळाडूंनी केलेला खटला चालला मिनियापोलिसमध्ये, म्हणजे पेजच्याच शहरात. १९७५ च्या अखेरीस न्यायाधीश अर्ल लार्सन यांनी रोझेल रूल बेकायदा ठरवला आणि १९७६ मध्ये वरच्या कोर्टानेही तो बेकायदाच ठरवला. मैदानावर, संपात जे मिळालं नाही ते कोर्टात मिळालं.

पेजने तोवर स्वतः कायदा शिकायला घेतला होता. पहिल्यांदा, करिअरच्या सुरुवातीला, एका लॉ स्कूलमध्ये नाव घातलं आणि काही आठवड्यांत सोडलं. दुसऱ्यांदा १९७५ च्या सुमारास मिनेसोटा विद्यापीठात गेला. हंगामात खेळ, बाकी वेळ अभ्यास. १९७८ मध्ये पदवी हातात.

शंभर डॉलर

आणि त्याच वर्षी त्याला काढलं.

त्याचं असं झालं. पेजची बायको डायान सिगारेट सोडायची म्हणून धावायला लागली. तिच्याबरोबर पेजही धावायला लागला. तिची सिगारेट सुटली, याला धावण्याचं वेड लागलं. वजन ११० किलोवरून साधारण १०० वर आलं. डिफेन्सिव्ह टॅकलसाठी हे फारच कमी. ग्रांटचं म्हणणं, हा आता समोरच्यांचा भार पेलू शकत नाही. पेजचं म्हणणं, मला आधीपेक्षा जास्त बरं वाटतंय. ऑक्टोबर १९७८, हंगाम चालू असताना व्हायकिंग्जने त्याला सोडून दिलं.

ज्याने सात वर्षांपूर्वी सगळ्या लीगमध्ये पहिला नंबर मिळवला, त्याला शिकागो बेअर्सने घेतलं ते फक्त १०० डॉलर वेव्हर शुल्क भरून. बेअर्सचे प्रशिक्षक होते नील आर्मस्ट्राँग. चंद्रावरचे नाही बरं का! हे आधी व्हायकिंग्जच्या बचावफळीचे प्रशिक्षक होते, त्यामुळे माल काय आहे हे त्यांना नीट माहीत होतं. पेज तिथे १९८१ पर्यंत खेळला. १९७९ मध्ये त्याने पूर्ण मॅरेथॉन धावली. खेळत असताना मॅरेथॉन पुरी करणारा तो एनएफएलचा पहिला खेळाडू. आणि त्याच वर्षीपासून मिनियापोलिसमधल्या एका लॉ फर्ममध्ये वकिली चालू.

पंधरा हंगाम, २१८ साखळी सामने, एकही चुकवला नाही. एक करंगळी तेवढी कायमची वाकडी झाली, पार नव्वद अंशात. त्या करंगळीवर त्याने पुढे मुलीबरोबर लहान मुलांसाठी एक पुस्तकच लिहिलं.

मला इथे थांबावंसं वाटतं. आपल्याकडे खेळाडू असो की आणखी कोणी, ‘नंतर काय’ हा प्रश्न काम संपल्यावर विचारला जातो. पेजने तो शिखरावर असतानाच विचारला होता. म्हणून १९७८ ला त्याला काढलं तेव्हा त्याची नोकरी गेली, ओळख गेली नाही.

निवडणूक घ्याच

इथून पुढे मी ‘ते’ म्हणतो, कारण खेळाडूला आपण ‘तो’ म्हणतो पण न्यायमूर्तींना नाही म्हणत.

१९८५ पासून पेज मिनेसोटाच्या ॲटर्नी जनरलच्या कार्यालयात काम करू लागले. त्यांना राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात जायचं होतं. मिनेसोटाच्या घटनेनुसार न्यायाधीश लोकांनी निवडून द्यायचे, सहा वर्षांसाठी. प्रत्यक्षात बरेचसे न्यायाधीश मुदत पुरी व्हायच्या आधी निवृत्त व्हायचे आणि रिकाम्या जागी गव्हर्नर माणूस नेमायचे. निवडणूक यायची, पण खुर्चीवर आधीच कुणीतरी बसलेलं.

१९९२ साली एका न्यायमूर्तींची मुदत संपत होती. पेज उभे राहणार होते. पण गव्हर्नर आर्नी कार्लसन यांनी त्या न्यायमूर्तींना मुदतवाढ दिली, कारण पेन्शनला पात्र होण्यासाठी अशी वाढ देता येईल असा एक कायदा होता. मुदत वाढली म्हणजे निवडणूकच नाही.

पेज कोर्टात गेले. आता पेच बघा. खटला सर्वोच्च न्यायालयाच्या जागेबद्दल, तर निकाल त्याच न्यायालयाने कसा द्यायचा? न्यायमूर्ती बाजूला झाले आणि त्यांच्या जागी दुसऱ्या न्यायाधीशांनी ‘पेज विरुद्ध कार्लसन’ ऐकला. निकाल पेजच्या बाजूने. न्यायाधीश निवडायचा मतदारांचा हक्क अशा मुदतवाढीने काढून घेता येणार नाही. नोव्हेंबरमध्ये निवडणूक झाली, पेज जिंकले. मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयातले ते पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती. पुढे १९९८, २००४, २०१० असे तीनदा पुन्हा निवडून आले.

रोझेल रूल आणि ही मुदतवाढ, दोन्ही शेजारी ठेवून बघा. दोन्हीकडे हक्क कागदावर शाबूत आहे. फक्त वापरायची वेळ आली की मधे एक नियम येतो आणि दार लागतं.

२००८ च्या सिनेट निवडणुकीत अल फ्रँकन आणि नॉर्म कोलमन यांच्यात २९ लाखांच्या आसपास मतांमधून ३१२ मतांचा फरक राहिला. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात आलं. मुख्य न्यायमूर्ती आधी फेरमोजणीच्या मंडळावर असल्यामुळे बाजूला झाले होते, म्हणून अध्यक्षस्थानी पेज. जून २००९ मध्ये पाच विरुद्ध शून्य असा एकमताने निकाल लागला, फ्रँकन विजयी. आठ महिने लोंबकळलेली निवडणूक एका निकालाने मिटली, आणि हरलेल्या उमेदवारानेही तो मान्य केला.

वाचता न येणारे सोबती

१९८८ च्या हॉल ऑफ फेमच्या समारंभाकडे परत येतो. खेळाडूची ओळख करून द्यायला सहसा जुना प्रशिक्षक किंवा सोबती येतो. पेज यांनी बोलावलं मिनियापोलिसच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिकेला, विलारीन बीझली यांना. आणि भाषण केलं शिक्षणावर. त्यांनी व्हायकिंग्जच्या एका बैठकीची आठवण सांगितली. प्रशिक्षकाने खेळाडूंना डावपेचांच्या वहीतलं मोठ्याने वाचायला सांगितलं, आणि काहींना ते धड वाचता येत नव्हतं. कॉलेजातून आलेली मोठी माणसं! वर्षानुवर्षं त्यांना पुढच्या वर्गात ढकललं होतं, कारण ते चांगलं खेळायचे.

त्याच वर्षी ॲलन आणि डायान यांनी पेज एज्युकेशन फाउंडेशन सुरू केलं. कृष्णवर्णीय आणि इतर अल्पसंख्य समाजातल्या मुलांना कॉलेजसाठी शिष्यवृत्ती. पण एक अट. पैसे घेणाऱ्याने लहान शाळकरी मुलांना शिकवायला, मदत करायला वेळ द्यायचा. म्हणजे आठ वर्षांच्या पोराला समोर कॉलेजमध्ये गेलेला, आपल्यासारखाच दिसणारा दादा किंवा ताई दिसली पाहिजे.

ऑगस्ट २०१५ मध्ये सत्तरी पूर्ण झाली आणि नियमाप्रमाणे त्यांना निवृत्त व्हावं लागलं. २०१७ मध्ये मिनियापोलिसच्या एका शाळेतल्या मुलांनी शाळेचं नाव बदलायची मागणी लावून धरली. जुनं नाव अलेक्झांडर रॅमसी यांचं. डकोटा लोकांना संपवा किंवा राज्याबाहेर हाकला असं जाहीरपणे म्हणणारे ते १८६२ चे गव्हर्नर. आता ती शाळा जस्टिस पेज मिडल स्कूल आहे. २०१८ मध्ये पेज यांना प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम मिळालं, अमेरिकेतला सर्वोच्च नागरी सन्मान. ते बघायला डायान नव्हत्या. त्याच शरद ऋतूत त्या गेल्या.

आणि जाता जाता, ट्विन सिटीज मॅरेथॉनचा मार्ग पेज यांच्या घरासमोरून जातो. बो टाय लावणारे हे न्यायमूर्ती अंगाभोवती भलंमोठं सूझाफोन अडकवून रस्त्याकडेला उभे राहतात आणि दमलेल्या धावपटूंसाठी वाजवतात. यूट्यूबवर व्हिडिओ आहेत, नक्की बघा.

आजच्यासाठी एवढंच. तुम्हाला असा एखादा खेळाडू माहीत असेल, ज्याची खरी इनिंग मैदान सोडल्यावर सुरू झाली, तर कळवा. भेटूया पुढच्या भागात.