‘विधुर’ शब्दाची कुळकथा

‘विधवा’ आणि ‘विधुर’ हे शब्द आपण जोडीनें उच्चारतों. त्यामुळें दोघांचा जन्म एकाच घरीं झाला असावा असा समज सहज होतो. वस्तुस्थिति निराळी आहे.

‘विधवा’ ऋग्वेदांत आढळते. लॅटिन ‘विदुआ’ व इंग्रजी ‘विडो’ हीं तिचींच भावंडें. या सर्वांच्या मुळाशीं वियोगाचा अर्थ आहे असें भाषाशास्त्रज्ञ मानतात. ‘धव’ म्हणजे पति, तो गेला ती विधवा, ही फोड मागाहूनची होय.

‘विधुर’ची फोड परंपरेनें ‘वि’ आणि ‘धुर्’ अशी करितात; ज्याची धुरा निखळली तो विधुर. संस्कृतांत हा शब्द कोणाही विरही वा व्याकुळ जिवाला लागे. म्हणजे ‘विधवा’ हा दर्जा होता, तर ‘विधुर’ ही मनाची अवस्था होती. इंग्रजींतही ‘विडोअर’ हा ‘विडो’ला प्रत्यय जोडून बनविलेला शब्द आहे, एरवीं पुल्लिंगावरून स्त्रीलिंग होतें, येथें उलटें झालें.

पुरुषासाठीं वेगळ्या नांवाची निकड कां भासली नाहीं? मनुस्मृतीच्या ५ व्या अध्यायांत पत्नीचा अंत्यविधि उरकून पतीनें पुन्हा विवाह करावा व अग्नि स्थापावा असें सांगितलें आहे. अवस्थाच चार दिवसांची, तिला नांव कशाला? मराठीनें नांव दिलें तें पुढच्या पायरीला: ‘बिजवर’. देवलांच्या ‘शारदा’ नाटकानें (१८९९) असाच एक जरठ बिजवर, भुजंगनाथ, कायमचा हास्यास्पद करून ठेविला.

परंतु पुरुषास शोक नसतो असें मात्र कोणीं समजूं नये. रघुवंशांतील अज इंदुमतीमागें ८ वर्षें जगला तो केवळ पुत्र लहान होता म्हणून. समाजानें पुरुषास दुसरी पत्नी देऊं केली, पण पहिलीसाठीं रडण्यास अवसर दिला नाहीं, हीहि एक उणीवच होय.

तथापि दोघांच्या दुःखांचें माप समाजानें एक ठेविलें नाहीं. धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी राधाबाई १८९१ सालीं वारल्या. कुमारिकेशीं लग्न केलें असतें तर कोणीं ब्र काढला नसता. त्यांनीं १८९३ सालीं गोदूबाई या विधवेशीं विवाह केला, आणि मुरूड गांवानें त्यांस वाळींत टाकिलें. कोशांत हे दोन शब्द शेजारीं बसले. व्यवहारांत त्यांस शेजारीं बसविणें किती महाग पडलें, हें आम्हांस विसरतां येत नाहीं.