आराखड्याआधी सवलत

विशेष गरजा असलेल्या मुलाचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा, म्हणजे आयईपी, सक्तीचा झाला तो पालकांच्या कोर्टकचेरीतून. शाळेने दार बंद केलेल्या मतिमंद मुलांचे पालक १९७१ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात न्यायालयात गेले. पुढच्या वर्षी तिथे आणि वॉशिंग्टनमध्येही मुलांचा हक्क मान्य झाला. २९ नोव्हेंबर १९७५ रोजी राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी सही केलेल्या कायद्याने अशा प्रत्येक मुलाचा लेखी आराखडा बंधनकारक केला. मूल आज काय करू शकते, वर्षअखेर काय यायला हवे, शाळा कोणती मदत कधीपासून किती काळ देणार आणि प्रगती कशी मोजणार, हे पालकांना सोबत घेऊन ठरवायचे आणि वर्षातून एकदा तरी तपासायचे. शिकवण्याची जबाबदारी शाळेची, हे त्या कागदाचे मर्म होते.

आपल्याकडे अध्ययन अक्षमतेचा प्रश्न ऐरणीवर आला तो दहावीच्या परीक्षेतून. महाराष्ट्र सरकारने १९९६ मध्ये सवलती दिल्या: वाढीव वेळ, लेखनिक, एका भाषेतून सूट, बीजगणित-भूमितीऐवजी सातवीचे गणित. त्यासाठी प्रमाणपत्र हवे. म्हणून मुंबईत पार्ल्यातले पालकही मुलाला घेऊन सायनच्या पालिका रुग्णालयासारख्या ठिकाणी तपासणीला जाऊ लागले. या सवलतींनी कित्येक मुलांची वाट मोकळी केली, हे निःसंशय. पण दहावीतला लेखनिक तिसरीत वाचायला शिकवत नाही. परीक्षा कशी घ्यावी याचे उत्तर आधी मिळाले, शिकवावे कसे हे मागे राहिले. आराखडा अनेकदा नुसता फॉर्म होतो, याचे मूळ मला या क्रमात दिसते.

भरलेल्या वर्गात एकेका मुलासाठी वेगळे कसे शिकवणार, हा शिक्षकांचा आक्षेप खरा आहे. मात्र आराखडा म्हणजे स्वतंत्र तास नव्हे. वर्षाची मोजता येतील अशी दोन-तीन उद्दिष्टे आणि आठवड्यातून काही वेळ विशेष शिक्षकाची साथ, एवढ्यानेही सुरुवात होते. एसएनडीटी विद्यापीठाचा विशेष शिक्षण विभाग पार्ल्याला लागून, जुहूच्या आवारात आहे. तिथे तयार होणाऱ्या शिक्षकांना शाळांत पद आणि वेळ मिळायला हवा. उरतो कागदी घोड्यांचा आक्षेप. अमेरिकेतही तो होताच. मुलाच्या परिस्थितीला साजेशी प्रगती साधणारा आराखडा हवा, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाला २०१७ मध्ये सांगावे लागले. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अध्ययन अक्षमता प्रथमच दिव्यांगत्वाच्या यादीत घेतली. त्याचे कलम १६ मान्यताप्राप्त शाळांत ती लवकरात लवकर ओळखायला, गरजेनुसार वैयक्तिक मदत द्यायला आणि प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याच्या प्रगतीवर लक्ष ठेवायला सांगते. जोडाक्षरापाशी अडणाऱ्या मुलासाठी तिसरीतच लेखी आराखडा मागायला पालकांना हा आधार पुरेसा आहे.