उपासमारीचा उपचार : इन्सुलिनपूर्व मधुमेहाची कथा

१/८
सप्टेंबर १८७०. प्रशियाच्या सैन्याने पॅरिसला वेढा घातला. अन्नाचा तुटवडा एवढा वाढला की लोक घोड्यांच्या, उंदरांच्या मांसावर दिवस काढू लागले. त्याच काळात प्राध्यापक आपोलिनेर बूशार्दा यांच्या ध्यानी एक विलक्षण गोष्ट आली : मधुमेही रुग्णांच्या लघवीतील साखर नाहीशी होत होती.

२/८
मिताहार, पिष्टमय पदार्थांचा त्याग आणि अंगमेहनत हा बूशार्दा यांचा उपचार होता. वेढ्याने त्याला जणू पुष्टीच दिली. प्रौढ, स्थूल रुग्णांना त्याचा गुण येई. मधुमेह झालेली मुले मात्र वाचत नसत.

३/८
अमेरिकी डॉक्टर फ्रेडरिक अ‍ॅलन यांनी हाच मार्ग टोकाला नेला. १९१४ पासून न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेच्या रुग्णालयात ते लघवीतील साखर जाईपर्यंत रुग्णाला उपाशी ठेवीत; पुढे सोसेल तेवढेच अन्न तोलूनमापून देत.

४/८
एलिझाबेथ ह्यूझ ही त्यांची रुग्ण. १९१९ मध्ये, वयाच्या ११व्या वर्षी तिला मधुमेह झाला. वडील पुढे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री झाले. तरी मुलीच्या ताटात चार घास अधिक वाढणे त्यांच्याही हाती नव्हते. ऑगस्ट १९२२ मध्ये, पंधराव्या वाढदिवसाच्या तोंडावर, तिचे वजन सुमारे २० किलो उरले होते.

५/८
त्याच वर्षी ११ जानेवारीला टोरांटोत १४ वर्षांच्या लेनर्ड थॉम्पसनला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन दिले गेले. ऑगस्टमध्ये एलिझाबेथ तेथे फ्रेडरिक बँटिंग यांच्याकडे पोहोचली. पुढे ती १९८१ पर्यंत जगली.

६/८
मग अ‍ॅलन क्रूर होते काय? त्यांचे काही रुग्ण उपासमारीनेच दगावले. परंतु त्याच उपासमारीने एलिझाबेथला इन्सुलिन येईपर्यंत तगवले, हेही तितकेच खरे.

७/८
एकच पथ्य एकाला तारते, दुसऱ्याचे मरण केवळ लांबवते, असे का? १९३६ मध्ये हॅरल्ड हिम्सवर्थ यांनी प्रयोगांती दोन प्रकार वेगळे केले. एकात शरीरात इन्सुलिनचीच उणीव असते. दुसऱ्यात शरीर इन्सुलिनला पुरेशी दाद देत नाही.

८/८
सुश्रुतसंहितेतही प्रमेहाचे ‘सहज’ आणि ‘अपथ्यनिमित्त’ असे दोन भेद आहेत. कृश रुग्णाचे पोषण करावे, स्थूलाला लंघन द्यावे. निर्धनाने अनवाणी, भिक्षा मागत शंभर योजने चालावे, असे तेथे सांगितले आहे. हे भेद म्हणजे आजचे दोन प्रकार नव्हेत. तथापि पथ्य ठरविण्यापूर्वी रुग्ण पाहावा, हे तत्त्व तेथे स्पष्ट आहे. आहार आणि व्यायाम आजही मधुमेहाच्या उपचाराचा पाया आहेत; परंतु ज्याच्या शरीरात इन्सुलिनच नाही, त्याला केवळ पथ्यावर ठेवणे म्हणजे १९२२ पूर्वीच्या जगात परत धाडणे होय.