बापूंची इंग्रजीची शिकवणी

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला आपल्या वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. अध्यक्ष गांधीजी. सात वर्षं मोफत, सक्तीचं शिक्षण, तेही मातृभाषेतून आणि हातकामातून, असं ठरलं. मग झाकिर हुसेन समितीने अभ्यासक्रम आखला, त्यात इंग्रजी नव्हतंच. यावरून लोक म्हणतात, बापूंना इंग्रजीचं वावडं होतं. थांबा जरा.

१८९३, प्रिटोरिया. तिथल्या भारतीयांना हा तरुण बॅरिस्टर सांगतो, वय वाढलं तरी भाषा शिकता येते, मी शिकवतो. वर्ग काही भरला नाही. तिघं तयार झाले: एक न्हावी, एक कारकून, एक छोटा दुकानदार. अट काय, तर मास्तरांनीच आमच्याकडे यायचं! कधी गेले तर विद्यार्थी कामात गुंतलेला. तरी गांधी कंटाळले नाहीत. साधारण आठ महिन्यांत दोघं हिशेब आणि धंद्याची साधी पत्रं लिहू लागले. न्हाव्याला मात्र गिऱ्हाइकाशी बोलण्यापुरतंच हवं होतं.

आम्ही सॉफ्टवेअरवाले याला रिक्वायरमेंट म्हणतो. मला तरी यात विसंगती दिसत नाही. सेगावच्या लेकरावर इंग्रजी लादणं वेगळं आणि कमावत्या माणसाने गरजेपुरती मागणं वेगळं. आज हिंगणघाट-आर्वीत नोकरीसाठी इंग्रजी शिकणाऱ्याला आपण आधी टेन्सचा तक्ता पाठ करायला लावतो. त्या न्हाव्याला कुणी पॅसिव्ह व्हॉइस विचारला असता, तर तो दुसऱ्या दिवशी आलाच नसता. अर्थात, यायचं मास्तरांनाच होतं म्हणा.