शिकलगार, रेडिओवाला आणि तारेखालची फट

मंडळी, इतिहासाच्या पुस्तकात संगीताला जागा मिळते ती बहुधा एका ओळीपुरती. अमुक राजाच्या पदरी तमुक गवई होते, इथे धडा संपतो. त्या गवयाचा तंबोरा कुणी घडवला, आणि पावसाळ्यात तो बद्द बोलायला लागला की कुणी नीट करून दिला, हे विचारायची आपल्याकडे पद्धत नाही. मी तीसेक वर्षं शाळेत इतिहास शिकवला, पण प्रश्नपत्रिकेत असा प्रश्न कधी आल्याचं आठवत नाही. म्हणून आज तो इथे, आपल्या घरच्या फळ्यावर.

निमित्त झालं ते नातवाच्या इलेक्ट्रिक गिटारचं. आम्ही राहतो घोडबंदर रोडला. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला येऊरचा डोंगर. जून ते सप्टेंबर इथे मिठाच्या बरणीत तांदूळ टाकावे लागतात आणि पुस्तकांना बुरशी येते, तिथे लाकडाच्या वाद्याचं काय! गिटारच्या तारा पट्टीपासून उचलल्यासारख्या झाल्या, दाबून दाबून पोराची बोटं दुखायला लागली आणि वरचे स्वर बेसूर येऊ लागले. एका दुकानात दाखवली, तर म्हणाले, "आता नवीनच घ्या." तीन वर्षांचं वाद्य म्हणे जुनं! मग ओळखीतून एक तरुण कारागीर मिळाला. त्याने दीड तासात ती गिटार बोलती केली. मी शेजारी खुर्ची टाकून सगळं पाहिलं. शिक्षकाची सवय, दुसरं काय!

त्याने आधी नव्या तारा चढवल्या आणि सुरात लावल्या. गिटारच्या सहा तारा मिळून मानेवर साधारण पंचेचाळीस किलोची ओढ असते. एवढ्या ओढीने मान हळूहळू पुढे वाकते. ती सावरायला मानेच्या पोटात पोलादी सळई असते, तिला ट्रस रॉड म्हणतात. गिब्सन कंपनीतल्या थॅडियस मॅकह्यू नावाच्या कामगाराच्या या युक्तीला अमेरिकेत १९२३ साली पेटंट मिळालं. त्या सळईचा नट आमच्या कारागिराने चावीने पाव फेरा फिरवला, थांबला, पुन्हा सूर लावला, डोळा बारीक करून मानेकडे पाहिलं. घाई अजिबात नाही. मान अगदी सरळही नको, जाड कागद सरकेल एवढा बाक हवा, असं तो म्हणाला.

मग तारांची उंची. बाराव्या पडद्यावर तारेखाली दीड-दोन मिलिमीटर फट राहील अशी. त्याहून कमी केली तर तार पडद्यांवर आपटून झणझणते, जास्त ठेवली तर बोटं सोलतात आणि दाबताना तार ताणली जाऊन सूर चढतो. शेवटी लांबी. बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर. तिथे नुसतं बोट टेकवून काढलेला स्वर आणि तार दाबून काढलेला स्वर एकच यायला हवा. दाबलेला चढा आला, तर तार ज्यावर टेकते तो तुकडा केसभर मागे सरकवायचा. सहा तारा, सहा तुकडे.

"ह्या तुकड्याला म्हणतात तरी काय?" मी विचारलं. "सॅडल, आजी." सॅडल म्हणजे खोगीर! आणि आपण तंबोऱ्यावर तारा ज्यावर टेकतात तिला काय म्हणतो? घोडी. फ्रेंच लोक व्हायोलिनच्या घोडीला 'छोटा घोडा' म्हणतात, इराणात सेतारच्या घोडीला 'छोटं गाढव' म्हणतात. ओझं वाहणारं जनावर सगळ्यांना एकाच ठिकाणी आठवलं. घोडबंदरला राहून ही घोडी भेटावी, याची गंमत वाटली. असो.

आता मिरजेला जाऊ. १८१८ साली पेशवाई बुडाली, आणि हळूहळू तलवारी-भाल्यांना गिऱ्हाईक उरलं नाही. हत्यारांना धार आणि पाणी देणारे ते शिकलगार. मिरजेच्या पटवर्धन संस्थानात गाण्याची आवड होती, गवयांची ये-जा होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास तिथल्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी वाद्यांच्या दुरुस्तीत हात घातला, आणि दुरुस्ती करता करता स्वतः सतारी-तंबोरे घडवू लागले. पुढे घराण्याचं आडनावच सतारमेकर झालं. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे, लाकूड तुणाचं आणि हात शिकलगारांचे. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ते या परंपरेला.

मला यात विचार करण्यासारखं वाटतं ते असं, की हे लोक मुळात गवई नव्हते. त्यांच्याकडे होती ती पोलादाची जाण, कानस चालवायचा हात आणि पाहून-पारखून काम करायची शिस्त. तलवारीच्या पात्यावरून फिरणारी नजर घोडीवरून फिरू लागली, एवढंच.

आणि घोडी म्हणजे तंबोऱ्याचा प्राण. वरून ती सपाट दिसते, पण तिला अगदी किंचित उतार दिलेला असतो. तार त्या उतारावर घासत, टेकत-सुटत कंप पावते आणि एका स्वरातून स्वरांचा पिसारा फुलतो. हीच जवारी. तारेखाली सुताचा धागा मागे-पुढे सरकवून ती नेमकी जागा शोधायची. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली तंबोरा आणि वीणेवर निबंध लिहिला. तार जिथे छेडावी तिथे ज्यांचा स्थिर बिंदू येतो ते उपस्वर ऐकू येऊ नयेत, असा युरोपातल्या शास्त्रज्ञांचा नियम होता. आपल्या वाद्यांत ते ठणठणीत ऐकू येतात, हे रामन यांनी दाखवलं, आणि त्याचं कारण ही रुंद, उताराची घोडीच आहे हेही सांगितलं. कारागिरांना ते निबंधाविना ठाऊक होतं, त्यांनी कानाने कानस चालवली.

पण ही जवारी कायमची नसते. तार घोडीवर बारीक चर पाडते, आवाज बोथट होतो, मग पुन्हा घासून जवारी काढावी लागते. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत स्थायिक झाले होते. त्यांचे तंबोरे कसे लागत याच्या आठवणी जुने लोक सांगत. वाद्यं दुरुस्त करण्यात ते स्वतः वाकबगार होते. १९३७ साली ते गेले, मिरजेच्या दर्ग्यातच त्यांची कबर आहे. एवढा मोठा गवई वाद्याच्या दुरुस्तीला हात लावायला कमी लेखत नव्हता, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

इथे गिटार आणि तंबोऱ्याची एक उलटी गंमत पाहा. गिटारवाला तारेची झणझण घालवण्यासाठी फट वाढवतो, मिरजेचा कारागीर तीच झणझण आणण्यासाठी घोडी घासतो. फट तीच, केसभराची, पण एकाकडे तो दोष आणि दुसऱ्याकडे जीव. कुठला आवाज शुद्ध मानायचा हे तार ठरवत नाही, ऐकणारा समाज ठरवतो.

आता सातासमुद्रापलीकडचा शिकलगार. जॉर्ज बोशॅम आणि अ‍ॅडॉल्फ रिकेनबॅकर यांनी १९३१-३२च्या सुमारास विजेची गिटार आणली. ती मांडीवर आडवी घेऊन वाजवायची हवाईयन गिटार होती, आणि आकारावरून तिचं नाव पडलं 'तवा'. तत्त्व फॅरेडेचं, शाळेत आपण शिकलेलं. लोहचुंबकाभोवती तांब्याच्या बारीक तारेची गुंडाळी, वर पोलादी तार हलली की गुंडाळीत अगदी क्षीण वीज निर्माण होते, ती अ‍ॅम्प्लिफायरने मोठी करायची. आपल्याकडे व्हॅन शिपले यांनी इलेक्ट्रिक गिटारवर वाजवलेल्या सिनेगीतांच्या रेकॉर्डी माझ्या वयाच्या कित्येकांना आठवत असतील.

पण आज पोरांच्या गळ्यात दिसते त्या गिटारीला वळण लावलं ते लिओ फेंडर यांनी. हा गृहस्थ रेडिओ दुरुस्त करणारा. १९३८ साली कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात त्यांनी रेडिओ दुरुस्तीचं दुकान काढलं. गिटार वाजवायला ते कधीच शिकले नाहीत. दुरुस्तीला येणारी वाद्यं आणि अ‍ॅम्प्लिफायर पाहता पाहता कुठे काय बिघडतं हे त्यांना कळत गेलं. म्हणून १९५०च्या त्यांच्या गिटारची मान सरसाने न चिकटवता चार स्क्रूंनी बसवली होती. बिघडली तर काढा, दुसरी लावा. १९५४च्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये प्रत्येक तारेला स्वतंत्र खोगीर दिलं, उंची वेगळी, लांबी वेगळी. उद्या कुणीतरी हे वाद्य उघडून नीट करणार आहे, हे मनात धरूनच ते बांधलेलं होतं. आमच्या कारागिराने सरकवली ती खोगिरं याच वंशातली.

तिसरं वाद्य आमच्या रस्त्यावरचंच. घोडबंदर रोडला टॉवर आले तरी बाळकूम, कोलशेत, कासारवडवली, ओवळा ही आगरी-कोळ्यांची गावं मध्ये मध्ये टिकून आहेत. हळदीच्या रात्री किंवा गणपतीच्या मिरवणुकीत तिथून जो आवाज येतो, तो बेंजो. याचं मूळ थेट जपानात. गोरो मोरिता यांनी १९१२ साली नागोयामध्ये ताइशोगोतो नावाचं वाद्य काढलं, तारांवर टाइपरायटरसारखी बटणं बसवून. ते आपल्याकडे बुलबुलतरंग झालं, त्याला पिकअप लागला, गळ्यात अडकवलं गेलं आणि ठाण्या-मुंबईच्या गल्ल्यांत बेंजो पार्टी उभी राहिली. २०१६ साली रवी जाधव यांनी 'बँजो' नावाचा हिंदी चित्रपटही काढला. पिकअप गिटारचा, बटणं टाइपरायटरची, ठेका आपला कोळीगीतांचा! तारा गंजल्या, बटणाची स्प्रिंग गेली, की ते नीट करणाराही कुठल्यातरी लहानशा गाळ्यात बसलेला असतो. त्याचं नाव कुठल्या बॅनरवर नसतं.

हत्यारांचा शिकलगार, रेडिओवाला, टाइपरायटरची बटणं. तिन्ही वाद्यांत नवी गोष्ट आली ती संगीताच्या बाहेरून, आणि त्यातल्या दोन तर सरळ दुरुस्तीच्या दारातून आल्या. बिघडलेलं वाद्य उघडून पाहणाऱ्यालाच ते कसं चालतं ते कळतं, आणि ज्याला ते कळतं तो पुढचं वाद्य घडवतो. म्हणून 'नवीनच घ्या' या सल्ल्याची मला भीती वाटते. त्यात आपले पैसे जातात ते वेगळंच. पण दुरुस्ती बंद झाली की उघडून पाहणारे हात संपतात, आणि मग पुढचा फरीदसाहेब कुठून येणार? तंबोऱ्याचा आवाज आता मोबाइलमध्येही मिळतो. तो वाईट आहे असं मी म्हणणार नाही, एकट्याने रियाज करणाऱ्याची त्याने सोय होते. पण मोबाइलची जवारी कुणाला काढावी लागत नाही, आणि न लागणारी विद्या दोन पिढ्यांत विसरली जाते.

नातवासाठी मी आता वहीच्या पानावर नियम लिहून दिलेत. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसणे, घामाने त्या गंजतात. पावसाळ्यात गिटार भिंतीला टेकून न ठेवता पेटीत ठेवणे, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. पावसाळा सरला की एकदा मान आणि फट तपासून घेणे. तारा बदलताना सगळ्या एकदम सोडून दिवसचे दिवस तशीच न ठेवणे, कारण सळईशी झुंजणारी ओढ अचानक नाहीशी होते आणि मान मागे वाकते. तो म्हणाला, "आजी, परीक्षा घेणार आहेस का?" म्हटलं, घेईन!

तुमच्यापैकी कुणाच्या माळ्यावर आईची सतार, काकांचं मेंडोलिन, मामांची हवाईयन गिटार कापडात गुंडाळून पडलेली असेल. ती खाली काढा, धूळ झटका आणि कुणा जाणत्याला दाखवा. आणि तुमच्या गावात जवारी काढून देणारा किंवा गिटार लावून देणारा कुणी असेल, तर खाली प्रतिक्रियेत गावाचं नाव अवश्य लिहा.