शर्यती नौकेवरील खलाशी
लांब पल्ल्याच्या सागरी शर्यतीत शिडाच्या नौकेचा वेग खलाशांच्या ताकदीपेक्षा त्यांच्या पाळ्यांवर अधिक ठरतो. चार तास काम, चार तास विश्रांती अशी वाटणी अनेक नौकांवर असते. एक उठला की त्याच्या उबदार बिछान्यात दुसरा ओल्या अंगानेच शिरतो. झोप अपुरी पडली की सुकाणूवरचा हात मंदावतो. यावर एकट्या दर्यावर्दींचा दाखला दिला जातो. अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’तून एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि तो पराक्रम थोरच. पण एकटा माणूस झोपेसाठी शिडे आवरती घेऊ शकतो. चुरशीच्या शर्यतीत ती रात्रंदिवस ताणलेली ठेवायला जागे हात लागतात. वादळापुढे पाळ्याही अपुऱ्या पडतात, हे खरे: १९९८ च्या सिडनी–होबार्ट शर्यतीत ११५ पैकी ४४ नौकाच पोहोचल्या, सहा जण दगावले. तरीही कोणी पाण्यात पडला, तर त्याच्याकडे बोट रोखून नजर न हलवता उभे राहायला ताजातवाना माणूसच लागतो.