बर्फाच्या कांडीची कुळकथा

निरा आणि भीमा या दोन नद्यांच्या मधल्या पट्टींत, इंदापूरहून अकलूजकडे जाणाऱ्या वाटेवर, बावडा हें गांव आहे. वैशाखांतल्या दुपारीं येथील एखाद्या घरांत डाळिंबाचा किंवा द्राक्षांचा रस गाळून, त्यांत बेताची साखर घालून साच्यांत ओतला, कीं सायंकाळपर्यंत त्याच्या थंडगार कांड्या तयार होतात. ज्याला लहान मुलें गारीगार म्हणून हांक मारतात, त्या खाऊचाच हा घरगुती भाऊ. कृति इतकी सोपी, कीं तिला कांहीं इतिहास असेल असें कोणाच्या मनांतहि येऊं नये. परंतु या कांडीला दोन गोष्टी अवश्य लागतात : फळ आणि थंडी. दख्खनच्या या अवर्षणी पठारावर दोहोंपैकीं एकहि सहजासहजीं आलेली नाहीं. एकीला कालव्याची वाट पाहावी लागली. दुसरी समुद्र ओलांडून आली.

थंडी ही पूर्वीं राजेरजवाड्यांचीच मिरास होती. अकबराच्या दरबारीं पाणी कसें गार करीत, याचें वर्णन अबुल फजलनें आपल्या ‘आइने-अकबरी’ या ग्रंथांत केलें आहे. सोरा पाण्यांत विरघळूं लागला म्हणजे तो भोंवतालची उष्णता शोषून घेतो. त्या पाण्यांत पिण्याच्या पाण्याची सुरई कांहीं वेळ फिरविली, कीं आंतलें पाणी गार होई. पुढें दरबार लाहोरास गेल्यावर उत्तरेकडील पहाडांतून बर्फ आणविण्याची व्यवस्था झाली. ज्याच्या पदरीं माणसें आणि नावा, त्यालाच उन्हाळ्यांत बर्फाचें दर्शन घडे. दक्षिणेंतील कुणब्याला गारवा म्हणजे झाडाची सावली आणि मातीचा डेरा.

ही स्थिति पालटली ती व्यापारानें. अमेरिकेंतील बोस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर याचें ‘टस्कनी’ जहाज सुमारें चार महिन्यांच्या सफरीनंतर १८३३ च्या सप्टेंबरांत कलकत्त्यास पोंचलें. निघतांना त्यांत १८० टन बर्फ होता. वाटेंत बराचसा वितळूनहि सुमारें १०० टन शिल्लक राहिला. लांकडाच्या भुशानें उष्णता अडविली जाते, एवढ्या साध्या ज्ञानावर हा सारा उद्योग उभा होता. पुढच्याच वर्षीं, १८३४ मध्यें, मुंबईलाहि असा बर्फ आला. जमशेटजी जिजीभाई यांनीं तेव्हां आपल्या घरच्या मेजवानींत पाहुण्यांना आइस्क्रीम दिलें. यजमानांना व पाहुण्यांना त्यामुळें पडसें झाल्याचें वृत्त ‘मुंबई समाचार’नें छापलें, आणि या परक्या चैनीचें हें योग्यच फळ, असा टोलाहि लगावला. मुंबईच्या गोदीजवळ बर्फघर उभें राहिलें. परंतु १८७० नंतर बर्फ तयार करणारीं यंत्रें हिंदुस्थानांत रुळलीं, आणि थोड्याच वर्षांत अमेरिकेच्या तळ्यांतील बर्फाचा हा व्यापार संपुष्टांत आला.

यंत्रानें बर्फ केला, तरी घरांत पदार्थ गोठविण्याची युक्ति मिठानेंच दिली. बर्फांत मीठ मिसळलें, कीं बर्फ वितळूं लागतो आणि त्यासाठीं लागणारी उष्णता त्या मिश्रणांतूनच ओढून घेतो. त्यामुळें मिश्रणाचें तपमान शून्याखालीं एकवीस अंशांपर्यंत उतरूं शकतें. कुल्फीचे साचे मडक्यांत पुरून ठेवणाऱ्या कारागिराचें आणि आइस्क्रीमचा पॉट हातानें फिरविणाऱ्या गृहिणीचें शास्त्र हेंच. कांडीला काडी लावण्याची कल्पना मात्र अलीकडची. अमेरिकेंतील फ्रँक एपर्सन या अकरा वर्षांच्या मुलानें १९०५ मध्यें सरबताचा पेला ढवळण्याच्या काडीसह रात्रभर बाहेर विसरला आणि सकाळीं त्याला ती गोठलेली सांपडली. १९२४ मध्यें त्यानें तिचें पेटंट मिळविलें.

आतां फळाची गोष्ट. दख्खनला द्राक्षें नवीं नाहींत. चौदाव्या शतकांत दौलताबादेस आलेल्या इब्न बतूतानें तेथील द्राक्षांची व डाळिंबांची वाखाणणी केली आहे. परंतु इंदापूर-बारामतीच्या बाजूला पाण्यावांचून बागा कशा व्हाव्यात? १८७६-७७ च्या भीषण दुष्काळांत येथील माणसें अन्नाला महाग झालीं. त्याच काळांत निरेच्या डाव्या कालव्याचें काम चालू झालें. उपासमारीनें खंगलेल्या हातांनीं खणलेला हा कालवा १८८५ च्या सुमारास वाहूं लागला. भाटघर येथें येळवंडी नदीवर बांधलेल्या धरणानें त्याला पाण्याचा आधार दिला. पुढें १९८० मध्यें भीमेवर उजनीचें धरण पुरें झालें. ऊस, डाळिंब, द्राक्ष हीं आज या तालुक्याच्या ओळखींचीं पिकें आहेत, तीं या पाण्याच्या पाठोपाठ.

द्राक्षांबरोबर त्यांचें मद्यहि आलें. महाराष्ट्रानें २००१ मध्यें द्राक्षप्रक्रिया उद्योगाचें स्वतंत्र धोरण आंखलें. आतां शहरांतील कांहीं हौशी घरांत थोरांसाठीं मद्यमिश्रित कांड्याहि होतात. येथें निसर्गाचा एक नियम ध्यानांत ठेवावा लागतो. पाणी शून्य अंशावर गोठतें; शेंकडा बारा मद्यार्काचें द्राक्षमद्य शून्याखालीं सुमारें पांच अंशांवर गोठूं लागतें, आणि जसजसें पाणी गोठतें तसतसा उरलेला द्रव अधिकच हट्टी होतो. म्हणून नुसत्या मद्याची कांडी ठिसूळ, चुऱ्यासारखी राहते. एक भाग मद्य आणि तीन भाग रस घेतला, तर ती नीट बसते. साखरहि तसाच अडथळा करते. गोडी वाढली कीं कांडी मऊ पडते. लहान मुलांसाठीं अर्थातच नुसत्या रसाची कांडी.

राजाच्या सुरईंतला गारवा, धनिकाच्या मेजवानींतला बर्फ आणि खेड्यांतल्या मुलाच्या हातांतली कांडी यांत सुमारें चार शतकांचें अंतर आहे. थंडीचा प्रश्न यंत्रांनीं सोडविला. पाण्याचा प्रश्न मात्र इंदापूर तालुक्यांत अजून सुटलेला नाहीं. कालव्याचें आवर्तन लांबलें, कीं बाग प्रथम सुकते. मग बर्फ हवा तेवढा मिळाला, तरी गोठविण्यास रस कोठून आणावयाचा?